एकशे सतरा मजल्यांचं स्वप्न आणि शहात्तरावा मजला

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सहसा सोसायटीच्या स्थापनेची हकिगत येते, पहिल्या कमिटीची नावं येतात, पाण्याच्या टाकीपासून गणेशोत्सवापर्यंतच्या आठवणी येतात. ते सगळं या अंकात इतरत्र आहेच. हा लेख मात्र लोअर परळच्या एका इमारतीवर आहे. देवनारच्या स्मरणिकेत लोअर परळ कशाला, असं कुणी विचारेल. तर पंचविशी गाठलेल्या प्रत्येक सोसायटीच्या दाराशी आज ना उद्या पुनर्विकासाचं पत्रक येतंच. गुळगुळीत कागद, त्यावर ढगांत शिरलेला टॉवर, खाली हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि कुठल्या देशातली आहेत ते कळू नये अशी हसरी माणसं. त्या चित्राकडे कसं पाहावं, हे मुंबईने आजवर पाहिलेल्या सर्वांत मोठ्या चित्रांपैकी एकावरून समजून घेता येतं. म्हणून हा इतिहास.

मुंबई उंच कशी झाली

मुंबई पहिल्यापासून उंच इमारतींचं शहर नव्हती. चाळी तीन-चार मजल्यांच्या. दक्षिण मुंबईतल्या दगडी इमारती दिमाखदार, पण त्यांची उंची घुमटात आणि मनोऱ्यात; माणसं राहायची ती खालीच. साठच्या दशकात कारमायकेल रोडवर 'उषा किरण' ही पंचवीस मजली इमारत झाली, तेव्हा तिची उंची होती साधारण ८० मीटर आणि ती देशातली सर्वांत उंच म्हणून ओळखली जात होती. मग १९७० साली कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं राहिलं. ३५ मजले, १५६ मीटर. भारतातली सर्वांत उंच इमारत हा मान त्याने एक-दोन नव्हे, जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळला. आपल्यातल्या ज्येष्ठांच्या अख्ख्या नोकऱ्या त्या काळात सुरू होऊन संपल्या.

चाळीस वर्षं तो आकडा का हलला नाही? एक कारण म्हणजे एफएसआय, म्हणजेच चटईक्षेत्र निर्देशांक. प्लॉट जेवढा, त्याच्या किती पट बांधकाम करता येईल हे ठरवणारा आकडा. १९९१च्या नियमावलीत शहर भागासाठी तो १.३३ होता आणि आपल्या उपनगरांसाठी बहुतेक ठिकाणी १. साध्या भाषेत सांगायचं तर, हजार फुटांच्या जागेवर हजार फूटच बांधकाम. मग तुम्ही ते सपाट पसरा नाहीतर उभं रचा. अशा हिशेबात पन्नास मजले चढवायचे तर खाली अवाढव्य मोकळी जागा हवी. आणि मुंबईत एवढी जागा कुणाकडे होती? गिरण्यांकडे.

गिरणीच्या जागेवर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले किती परत आत गेले, हे लालबाग-परळच्या घराघरांना ठाऊक आहे. देवनार, गोवंडी, चेंबूर भागांतही अशी कुटुंबं आहेत, ज्यांचे वडील किंवा आजोबा गिरणीत होते आणि संपानंतर जी गिरणगावातून इकडे सरकली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पण त्यांच्या जमिनी तिथेच राहिल्या, शहराच्या ऐन मध्यावर, शेकडो एकर.

१९९१च्या नियमावलीत एक चांगली तरतूद होती. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे: एक महापालिकेला मैदानं आणि उद्यानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली ही तरतूद बदलली. वाटणी पूर्ण जमिनीची न होता, केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्याची होईल, असा अर्थ निघाला. साहजिकच मैदानांचा आणि स्वस्त घरांचा वाटा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. त्यानंतर गिरणगावाचं क्षितिज ज्या वेगाने बदललं, ते आपण सगळ्यांनी लोकलच्या खिडकीतून पाहिलंय. चिमण्या गेल्या, क्रेन आल्या.

याच दशकाच्या शेवटी वर्ल्ड ट्रेड सेंटरचा विक्रम मोडला. २०१० साली ताडदेवला 'इम्पीरियल'चे जुळे मनोरे पूर्ण झाले. वास्तुविशारद हाफीझ कॉन्ट्रॅक्टर, उंची अडीचशे मीटरच्या थोडी वर. ते उभे राहिले एका झोपडपट्टीच्या पुनर्वसनाच्या जागेवर. झोपडीधारकांना त्याच परिसरात घरं आणि उरलेल्या जागेवर साठ मजली श्रीमंती. मुंबईच्या जमिनीचा हिशेब एका फ्रेममध्ये पाहायचा असेल तर याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

२०१०ची घोषणा

त्याच वर्षी लोढा समूहाने लोअर परळला, बंद पडलेल्या श्रीनिवास मिलच्या सुमारे साडेसतरा एकर जागेवर 'वर्ल्ड वन'ची घोषणा केली. ११७ मजले. ४४२ मीटर. जगातली सर्वांत उंच निवासी इमारत.

हा नुसता जाहिरातीचा फुगा होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. कागदावरची नावं खणखणीत होती. आराखडा न्यूयॉर्कच्या पेई कॉब फ्रीड या संस्थेचा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड करणाऱ्या आय. एम. पेई यांची ही संस्था. स्ट्रक्चरचं काम लेस्ली रॉबर्टसन यांच्या संस्थेकडे. न्यूयॉर्कच्या जुन्या जुळ्या मनोऱ्यांचं अभियांत्रिकी काम रॉबर्टसन यांनीच केलं होतं. अंतर्गत सजावटीला इटलीच्या अरमानीचं नाव. २०११ साली काम सुरूही झालं.

४४२ मीटर म्हणजे किती? वर्ल्ड ट्रेड सेंटरवर वर्ल्ड ट्रेड सेंटर ठेवा, त्यावर आणखी एक तिसरं जवळजवळ पूर्ण चढवा. तेवढं. त्या काळात वर्तमानपत्रांतून आलेली ती चित्रं पाहून मुंबईकराच्या छातीत थोडी हवा भरली होती, हे कबूल करायला हरकत नाही. जानेवारी २०१०मध्येच दुबईत ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा खुला झाला होता. आपणही काही कमी नाही, असं वाटायला लावणारा तो काळ होता.

आभाळालाही छप्पर असतं

गाडी अडली ती पैशावर किंवा काँक्रीटवर नाही. अडली विमानांवर.

विमानतळाच्या भोवतीचं आकाश मोकळं वाटलं तरी कायद्याच्या नजरेने त्याला अदृश्य छप्परं असतात. आंतरराष्ट्रीय मापदंडांप्रमाणे मोठ्या धावपट्टीच्या भोवती चार किलोमीटरपर्यंत हे छप्पर विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर असतं. त्यापुढे ते छत्रीसारखं तिरकं वर चढत जातं आणि मग पंधरा किलोमीटरपर्यंत दीडशे मीटरवर स्थिरावतं. विमानं ज्या रेषेने उतरतात आणि चढतात, तिथे नियम आणखी कडक. या छपराच्या वर जायचं तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून वेगळा अभ्यास करून परवानगी घ्यावी लागते. आणि ही उंची जमिनीपासून मोजली जात नाही, समुद्रसपाटीपासून मोजतात. त्यात गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक दांडासुद्धा धरतात.

लोअर परळ विमानतळापासून सरळ रेषेत साधारण अकरा-बारा किलोमीटर. म्हणजे दीडशे मीटरच्या छपराखाली. तिथे ४४२ मीटरची परवानगी मिळाली नाही. बांधकाम चालू असताना वरच्या मजल्यांचा प्रश्न लोंबकळत राहिला. शेवटी आराखडा आखडता घ्यावा लागला. २०२० साली वर्ल्ड वन पूर्ण झाली ती ७६ मजल्यांची, सुमारे २८० मीटर उंचीची.

आता हा हिशेब पाहा. ठरलेल्या आणि झालेल्या उंचीतला फरक आहे १६२ मीटर. जी इमारत चाळीस वर्षं देशात सर्वांत उंच होती, ते कफ परेडचं वर्ल्ड ट्रेड सेंटर १५६ मीटर. म्हणजे नुसता कापलेला तुकडाच भारताच्या एकेकाळच्या विक्रमापेक्षा मोठा होता! जे बांधलं गेलं तेही लहान नाही, देशातल्या अत्यंत उंच इमारतींत त्याची गणना होते. पण चित्र आणि इमारत यांच्यामध्ये एक्केचाळीस मजले हवेत विरले.

गंमत अशी की, ४४२ मीटर झाले असते तरी तो विक्रम टिकला नसता. २०१२ साली दुबईचा प्रिन्सेस टॉवर ४१३ मीटरवर गेला, २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ४२६ मीटरची ४३२ पार्क अव्हेन्यू झाली, आणि ज्या २०२० साली वर्ल्ड वन पूर्ण झाली, त्याच वर्षी न्यूयॉर्कचा सेंट्रल पार्क टॉवर ४७२ मीटरवर पोचला. 'जगात सर्वांत उंच' ही पदवी भाड्याच्या घरासारखी असते. करार संपला की दुसरा राहायला येतो.

एकटी वर्ल्ड वन नव्हे

हे एकाच बिल्डरचं किंवा एकाच इमारतीचं झालं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच सुमारास चर्नी रोड–मरीन लाइन्स परिसरात 'इंडिया टॉवर' नावाचा प्रकल्प पुढे आला. १२६ मजले, सातशे मीटरहून अधिक उंची. म्हणजे बुर्ज खलिफाखालोखाल. २०१० साली काम सुरू झालं, २०११ साली महापालिकेशी वाद होऊन थांबलं, आणि पुढे प्रकल्पच गुंडाळला गेला. वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर 'पॅले रोयाल' या तीनशे वीस मीटरच्या इमारतीचं काम २००८ साली सुरू झालं. सार्वजनिक वाहनतळ आणि आश्रयासाठी सोडायच्या जागा यांवरून ते प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. सांगाडा वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला.

परदेशातही हेच. सौदी अरेबियातला जेद्दा टॉवर आधी एक मैल उंचीचा म्हणून बोलला जात होता, मग एक किलोमीटरचा झाला. २०१३ साली सुरू झालेलं काम २०१८ मध्ये थांबलं ते थेट २०२५ साली पुन्हा सुरू झालं. बुर्ज खलिफाचं मूळ नाव 'बुर्ज दुबई'. दुबई आर्थिक अडचणीत आली, शेजारच्या अबू धाबीने मदत केली आणि उद्घाटनाच्या दिवशी तिथल्या राज्यकर्त्यांचं नाव इमारतीला मिळालं. म्हणजे जगातली सर्वांत उंच इमारतसुद्धा शेवटी कर्जाच्या हिशेबातून सुटली नाही.

उंचीचा खर्च कुणाच्या माथी

उंच जाण्यात नुसता परवानगीचाच प्रश्न नसतो. मजले वाढतात तसा वाऱ्याचा जोर वाढतो, आणि तो पेलण्यासाठी खांब, भिंती जाड कराव्या लागतात. मजले वाढले की लिफ्ट वाढवाव्या लागतात, आणि त्या लिफ्टचे बोगदे प्रत्येक मजल्यावरची जागा खातात, तळमजल्यापासून वरच्यापर्यंत. विकली जाणारी जागा तुलनेने कमी होत जाते, खर्च मात्र वाढत जातो.

मग आगीचा प्रश्न. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे २४ मीटरच्या वरच्या इमारतीत ठरावीक मजल्यांवर, साधारण दर सातव्या मजल्याला, आश्रयासाठी मोकळी जागा सोडावी लागते. आग लागली तर लोकांनी तिथे थांबायचं. तिथे कुणी कपाटं, सायकली, जुने गाद्यांचे ढीग ठेवू नयेत. कारण अग्निशमन दलाच्या सर्वांत उंच शिडीलाही मर्यादा आहे, ती कुठल्याही टॉवरच्या टोकापर्यंत जात नाही. वरच्या मजल्यांवर इमारतीचं स्वतःचं पाणी, स्वतःचे पंप आणि स्वतःचे जिने हाच आधार. हे पंप, जनरेटर, पाच-सहा लिफ्ट कायम चालू ठेवायला येणारा मासिक खर्च पत्रकातल्या चित्रात कधीच दिसत नाही. आज आपण मेंटेनन्सच्या पन्नास रुपयांवरून सर्वसाधारण सभेत तासभर बोलतो. तेव्हा हा मुद्दा आपल्याला पटकन समजेल.

देवनारच्या आभाळाखाली

आता आपल्याकडे या. गंमत नाही, पण देवनारची उंचीची स्वतःची एक दुःखद कथा आहे. १९२७ पासून चालत आलेलं देवनार डम्पिंग ग्राउंड. एकशे तीस हेक्टरच्या घरात पसरलेल्या या मैदानातले कचऱ्याचे डोंगर अठरा मजली इमारतीएवढे चढल्याच्या बातम्या आपण वाचल्या. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली. धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले, परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांत खिडक्यांना ओला टॉवेल लावणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. शहराने लोअर परळला उंची विकली आणि देवनारला उंची साठवली. दोन्ही एकाच शहराची उंची आहे.

आणि आपल्याही डोक्यावर तेच अदृश्य छप्पर आहे. देवनार विमानतळापासून सरळ रेषेत सहा-सात किलोमीटरवर. मुंबई विमानतळाची दुसरी, आडवी धावपट्टी आग्नेयेकडे म्हणजे ट्रॉम्बेच्या दिशेने रोखलेली आहे. ट्रॉम्बेची टेकडी आणि भाभा अणुसंशोधन केंद्र याच दिशेला. त्या दिशेने येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या मार्गामुळे या पट्ट्यात उंचीचा विचार कुठल्याही बिल्डरला करावाच लागतो. विमानतळालगतच्या अनेक इमारतींचे वरचे मजले नियमभंगाच्या वादात अडकले. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ४८ इमारतींचे जास्तीचे भाग पाडण्याचे निर्देश दिले होते. जी उंची चढली, ती पुन्हा उतरवायची वेळ येते तेव्हा बिल्डर त्या घरात राहत नसतो. राहत असतो सभासद.

म्हणून जेव्हा केव्हा आपल्याकडे पुनर्विकासाचा विषय येईल, तेव्हा वर्ल्ड वनची ही गोष्ट कमिटीच्या टेबलावर असावी. पत्रकात 'बत्तीस मजली' असं छापलेलं असेल. पहिला प्रश्न असा: या उंचीला विमानतळ प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र आहे का, त्यात समुद्रसपाटीपासून किती मीटर लिहिलंय, आणि त्याची मुदत कधी संपते? दुसरा: आपल्याला देऊ केलेली जादा जागा मिळणार आहे ती वरच्या मजल्यांच्या भरवशावर की खालच्या? उंची कापली गेली तर कुणाचे फूट कापले जातील, हे करारात स्पष्ट आहे का? तिसरा: महापालिकेने मंजूर केलेला आराखडा आणि पत्रकातलं चित्र एकच आहेत का?

हे प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आज कायद्याने आहे, आणि वर्ल्ड वनची घोषणा झाली तेव्हा तो इतका मजबूत नव्हता. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, आणि मे २०१७ पासून काम करणाऱ्या महारेरामुळे, मंजूर आराखड्यात मोठे बदल करायचे तर दोन तृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती लागते. जाहिरातीत खोटं सांगितलं तर त्याची जबाबदारी बिल्डरवर येते. सोसायटीच्या पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या ७९ अ कलमाखाली जुलै २०१९ मध्ये काढलेल्या शासन निर्णयात बिल्डर निवडीची सभा कशी घ्यायची, निबंधकांचा प्रतिनिधी, सभेचं चित्रीकरण, ५१ टक्के सभासदांची संमती, सगळं लिहून ठेवलंय. ते कागद कंटाळवाणे आहेत खरे. पण ११७ मजल्यांचं चित्र मात्र अजिबात कंटाळवाणं नव्हतं, हेही आपण पाहिलं.

उंच इमारतींना विरोध करणं हा या लेखाचा हेतू नाही. मुंबईत जमीन कमी आहे, माणसं जास्त आहेत. आपल्या नातवंडांना याच शहरात राहायचं असेल तर इमारती वर जाणारच. वर जावं, जरूर जावं. फक्त किती वर जायचं, हे चित्र काढणारा ठरवत नाही. ते ठरवतात खालची जमीन, वरचं आभाळ आणि मधले कागद. या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी आहे. तेव्हा आजवरच्या पंचवीस वर्षांत जसे आपण पावत्या, ठराव, मालमत्ता कराची बिलं नीट फायलीत लावून ठेवली, तशी पुढच्या काळासाठी एक वेगळी फाईल उघडावी आणि तिच्यात सर्वांत वर मंजूर आराखडा लावावा, रंगीत पत्रक सर्वांत खाली.